वाचकांचे प्रश्न : कॉम्प्युटरला जोडलेल्या व्हीआर हेडसेटची ग्राफिक्स सेटिंग

या खेपेला आलेले बहुतेक प्रश्न एकाच तक्रारीभोवती फिरतात: कॉम्प्युटर तगडा आहे, व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट चांगला आहे, तरी चित्र अडखळतं किंवा धूसर दिसतं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मॉनिटरवर १४४०पी रिझोल्यूशनला माझा गेम सेकंदाला शंभराच्या वर फ्रेम देतो. तोच गेम मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटवर लिंक केबलने (हेडसेट कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यूएसबी तारेने) लावला की अडखळतो. सगळी सेटिंग ‘लो’ करून पाहिली, तरी समाधान नाही. सुरुवात कुठून करायची?

उत्तर : सगळं एकदम ‘लो’ केल्याने चित्र तर बिघडतंच, पण दोष नेमका कशात होता तेही कळत नाही. म्हणून ती सेटिंग आधी ‘मीडियम’वर परत आणा आणि थोडा हिशेब करा.

१४४०पी म्हणजे २५६० × १४४०, सुमारे ३७ लाख पिक्सेल. क्वेस्ट २ साठी मेटाच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही डोळ्यांचं मिळून रेंडर रिझोल्यूशन (गेम ज्या मापाचं चित्र काढतो ते) ५४०८ × २७३६ ठेवलं, तर एका फ्रेममध्ये सुमारे १ कोटी ४८ लाख पिक्सेल रंगवावे लागतात. म्हणजे मॉनिटरच्या चौपट. ४के मॉनिटरलासुद्धा ८३ लाखच लागतात. तेव्हा ‘मॉनिटरवर इतके फ्रेम मिळतात’ हा अनुभव व्हीआरसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे.

दुसरी गोष्ट, सेकंदाला किती फ्रेम हे मोजणं सोडा आणि एक फ्रेम किती मिलिसेकंदांत तयार होते ते बघा. ७२ हर्ट्झला, म्हणजे हेडसेटचा पडदा सेकंदाला ७२ वेळा चित्र बदलत असेल तर, १३.९ मिलिसेकंद मिळतात, ९० ला ११.१ आणि १२० ला फक्त ८.३. मॉनिटरवर मधूनच एखादी फ्रेम १५ मिलिसेकंदांवर गेली तर लक्षातही येत नाही. हेडसेटमध्ये तीच फ्रेम वेळेवर न आल्यामुळे जुनी फ्रेम पुन्हा दाखवली जाते आणि समोरच्या वस्तूंना जोडप्रतिमा दिसते. सरासरी चांगली असूनही त्रास होतो तो यामुळेच. शिवाय थोडी मोकळी जागा हवी: ९० हर्ट्झला १० मिलिसेकंदांच्या आत आणि ७२ ला साडेबाराच्या आत फ्रेम बसली, तर गर्दीच्या प्रसंगी ती तगते.

मोजायचं कसं? स्टीमव्हीआर या व्हीआर गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम टायमिंगचा आलेख आहे. मेटाच्या लिंकसाठी ‘ऑक्युलस डीबग टूल’मध्ये परफॉर्मन्स एचयूडी (चित्रावरच आकडे दाखवणारी पट्टी) मिळतो. एफपीएसव्हीआर हे छोटं सशुल्क अ‍ॅप स्टीमव्हीआरबरोबर चालतं आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड यांचे मिलिसेकंद वेगवेगळे दाखवतं. हे वेगवेगळे आकडेच कामाचे.

आता मुख्य चाचणी. रेंडर रिझोल्यूशन निम्म्यावर आणा, गेम पुन्हा सुरू करा आणि त्याच जागी उभं राहून बघा. फ्रेमची वेळ बरीच कमी झाली तर ओझं ग्राफिक्स कार्डावर आहे. काहीच हललं नाही तर ते प्रोसेसरवर आहे आणि रिझोल्यूशनशी खेळत बसण्यात अर्थ नाही (त्याबद्दल पुढे सिम्युलेटरच्या प्रश्नात). चाचणीची जागा मात्र बदलू नका. सेव्ह केलेला एकच प्रसंग, शर्यतीचं एकच रीप्ले, गेममधली एकच वेळ. रिकाम्या गल्लीत घेतलेला आकडा भर बाजारातल्या आकड्याशी ताडून बघणारे बरेच असतात.

ओझं कार्डावर असेल तर कापाकापी या क्रमाने करा. आधी हेडसेटचा रिफ्रेश रेट ९० वरून ७२ वर आणा. एवढ्यानेच प्रत्येक फ्रेमला चौथाई वेळ जास्त मिळतो. मग व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि ढग, सावल्यांची गुणवत्ता, अँबियंट ऑक्लुजन (कोपऱ्या-खाचांतली सावली) एकेक पायरी खाली. स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शन (पडद्यावरच्या चित्रावरून काढलेली प्रतिबिंबं) तर बंदच करा, कारण दोन डोळ्यांना दोन वेगळी प्रतिबिंबं दिसतात आणि पाणी किंवा ओली फरशी विचित्र लुकलुकते. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक अ‍ॅबरेशन हे कॅमेऱ्याचे परिणाम आहेत. डोळ्यांना लावलेल्या चित्रात त्यांचं काम नाही. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र ‘हाय’वर राहू द्या. कार्डाच्या मेमरीत मावत असतील तोवर त्यांना फारसा वेळ लागत नाही.

प्रश्न : मेटाच्या अ‍ॅपमध्ये रिझोल्यूशनचा स्लायडर आहे, स्टीमव्हीआरमध्ये टक्के आहेत, तिथेच प्रत्येक गेमसाठी वेगळे टक्के आहेत आणि गेममध्ये ‘पिक्सेल डेन्सिटी’ आहे. यातलं कुठलं वाढवायचं?

उत्तर : एकच. हे चारही आकडे एकमेकांना गुणले जातात, आणि त्यांची मोजपट्टीही एक नाही.

स्टीमव्हीआरचे टक्के एकूण पिक्सेलचे आहेत. २०० टक्के म्हणजे पिक्सेल दुप्पट, पण रुंदी आणि उंची प्रत्येकी सुमारे १.४१ पट. गेममधली पिक्सेल डेन्सिटी मात्र बहुधा रुंदी आणि उंची दोन्हींना लागते, म्हणून १.३ म्हणजे १.६९ पट पिक्सेल. समजा स्टीमव्हीआरमध्ये सर्वसाधारण १५० टक्के आहे, त्या गेमसाठी १२० टक्के आणि गेममध्ये १.३. गुणाकार १.५ × १.२ × १.६९, म्हणजे तिप्पट पिक्सेल. प्रत्येक आकडा वेगवेगळा पाहिला तर किरकोळ वाटतो.

१०० टक्के म्हणजे पडद्याचं मूळ रिझोल्यूशन, असाही समज असतो. तसं नाही. हेडसेटची भिंगं चित्र ताणतात. तो ताण रद्द व्हावा म्हणून सॉफ्टवेअर चित्र आधीच उलट दिशेने फुगवून ठेवतं, आणि त्यात मधला भाग ताणला जातो. मध्यभागी पडद्याच्या एका पिक्सेलला चित्राचा एक पिक्सेल मिळायचा तर मूळ चित्र मोठं काढावं लागतं. व्हॉल्व्ह इंडेक्सचा पडदा एका डोळ्याला १४४० × १६०० आहे, पण स्टीमव्हीआरचे १०० टक्के म्हणजे २०१६ × २२४०, दोन्ही बाजूंना १.४ पट. त्यामुळे १०० च्या वर थोडा फायदा दिसतो, १५० च्या पुढे बहुतेकांना फरक सांगता येत नाही, खर्च मात्र वाढतच जातो.

मांडणी अशी ठेवा. मेटाचा हेडसेट असेल तर पायाचं रिझोल्यूशन मेटाच्या अ‍ॅपमध्ये ठरवा, कारण स्टीमव्हीआर त्यालाच १०० टक्के धरतं. स्टीमव्हीआरमध्ये ‘ऑटो’ बंद करून ‘कस्टम’ निवडा आणि १०० वर ठेवा. ‘ऑटो’ तुमच्या कार्डाचा वेग पाहून आकडा ठरवतं, पुढे चालणारा गेम किती जड आहे ते त्याला ठाऊक नसतं. गेममध्ये १.०. आणि यापुढे जो काही बदल करायचा तो फक्त स्टीमव्हीआरच्या त्या-त्या गेमच्या पानावर, म्हणजे हलका गेम १४० वर आणि जड गेम ८० वर असं वेगवेगळं राखता येतं. बदल केल्यावर गेम बंद करून सुरू करा. बरेच गेम चालू असताना नवं रिझोल्यूशन घेत नाहीत आणि ‘काही फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

प्रश्न : ९० हर्ट्झ निवडलं आहे, पण गेम बरोबर ४५ फ्रेमवर चिकटून बसतो. ग्राफिक्स कार्ड तर ६० टक्केच वापरात दिसतं! शिवाय हात हलवला की त्याभोवतीची हवा पाण्यासारखी हलते.

उत्तर : हे मोशन स्मूदिंग. मेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला एएसडब्ल्यू म्हणतात. तिथे ते २०१६ मध्ये आलं, स्टीमव्हीआरमध्ये २०१८ मध्ये. फ्रेम ठरलेल्या वेळेत बसत नाही असं दिसलं की गेमला निम्म्या वेगावर आणायचं आणि मधल्या फ्रेम आधीच्या फ्रेमवरून अंदाजाने बनवायच्या, अशी ही युक्ती. हातामागे, विमानाच्या पंख्यामागे किंवा कुंपणाच्या गजांमागे काय आहे ते अंदाज करणाऱ्याला माहीत नसतं. तो आजूबाजूचं चित्र ताणून जागा भरतो. पाण्यासारखी दिसणारी हवा ती हीच.

६० टक्क्यांचं कोडंही यातच सुटतं. समजा तुमची एक फ्रेम १३ मिलिसेकंदांत तयार होते. ९० हर्ट्झच्या ११.१ मध्ये ती बसत नाही, म्हणून वेग ४५ वर उतरला. आता प्रत्येक फ्रेमला २२.२ मिलिसेकंद आहेत, त्यातले १३ कार्ड काम करतं आणि उरलेला वेळ रिकामं बसतं. १३ भागिले २२.२, म्हणजे ५९ टक्के. कार्डात भरपूर ताकद शिल्लक आहे असं समजून सेटिंग वाढवू नका.

१३ वरून १० मिलिसेकंदांवर यायचं तर सुमारे पाऊण पिक्सेल हवेत: स्टीमव्हीआरचा आकडा १०० वरून ७५ वर. फ्रेममधलं सगळंच काम पिक्सेलच्या प्रमाणात नसतं, तेव्हा ७० पर्यंतही जावं लागेल. ते धूसर वाटलं तर रिझोल्यूशन थोडं वर ठेवून सावल्या आणि धुकं कापा, किंवा सरळ ७२ हर्ट्झ घ्या.

तपासताना स्मूदिंग बंद ठेवा, नाहीतर खरी वेळ कळत नाही. स्टीमव्हीआरमध्ये ते व्हिडिओच्या सेटिंगमध्ये आहे. मेटाच्या लिंकवर स्टीमव्हीआरचं बटण नव्हे, एएसडब्ल्यू काम करतं: कंट्रोल आणि नंबरपॅडवरचा १ दाबला की बंद, कंट्रोल आणि ४ दाबला की पुन्हा आपोआप. जड सिम्युलेटर ७२ ला बसतच नसेल, तर ते कायम चालू ठेवण्यात कमीपणा काही नाही. पक्के ४५ फ्रेम हे ५५ ते ८५ मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेमपेक्षा डोळ्यांना आणि पोटाला पुष्कळ सोसतात.

आकडा ४५ ऐवजी नेमका ६० वर अडकला असेल तर कारण वेगळं. ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये किंवा रिवाट्यूनर या फ्रेमवर मर्यादा घालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गेमसाठी ६० ची मर्यादा घातलेली राहून गेली आहे, किंवा गेमचा व्ही-सिंक (फ्रेम पडद्याच्या वेगाशी जुळवणारं सेटिंग) ६० हर्ट्झच्या मॉनिटरशी बांधलेला आहे. दोन्ही काढा.

प्रश्न : विमानाच्या सिम्युलेटरमध्ये रिझोल्यूशन निम्मं केलं तरी फ्रेमची वेळ तीच राहते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम २० टक्के दिसतो. मग अडतंय कुठे?

उत्तर : प्रोसेसरच्या एकाच धाग्यावर (थ्रेड, म्हणजे एकामागून एक चालणारी कामाची एक रांग). टास्क मॅनेजर सगळ्यांची सरासरी दाखवतो. १६ धाग्यांच्या प्रोसेसरमध्ये एक धागा पूर्ण भरला तरी सरासरीत तो सहा टक्केच. प्रोसेसरच्या आलेखावर राइट क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा, मग एखादा चौकोन माथ्याला टेकलेला दिसण्याची शक्यता वाढते. विंडोज धागा या चौकोनातून त्या चौकोनात हलवत असतो, त्यामुळे तो नाही दिसला तरी रिझोल्यूशनच्या चाचणीवरच विश्वास ठेवा.

इथे कमी करायची सेटिंग वेगळी: जमिनीचं आणि वस्तूंचं लेव्हल ऑफ डीटेल (किती बारकावे काढायचे ते), इतर विमानांची आणि गाड्यांची वर्दळ, कॉकपिटमधल्या पडद्यांचा रिफ्रेश, शर्यतीच्या गेममध्ये दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या आणि आरसे. आरसा म्हणजे तेच जग आणखी एकदा काढणं. सावल्यांचं अंतरही प्रोसेसरला भारी पडतं. डीएलएसएस (कमी पिक्सेल काढून बाकीचे भरणारं एनव्हिडियाचं तंत्र) इथे काही मदत करत नाही, कारण ते कार्डाचं ओझं हलकं करतं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पीसी आणि व्हीआर अशी सेटिंगची दोन वेगळी पानं आहेत. मॉनिटरच्या पानावर बदल करून हेडसेटमध्ये फरक शोधणं हा वेळेचा अपव्यय.

दुसरा बदल, मधला एक थर काढा. गेम ओपनएक्सआर (गेम आणि हेडसेट यांच्यातली सामायिक भाषा) वापरत असेल आणि हेडसेट मेटाचा असेल, तर स्टीमव्हीआरमधून जाण्याची गरज नाही. मेटाच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये त्यांचंच ओपनएक्सआर रनटाइम (ती भाषा चालवणारं सॉफ्टवेअर) सक्रिय करा. व्हर्च्युअल डेस्कटॉप (वायफायवरून गेम हेडसेटला पाठवणारं अ‍ॅप) वापरत असाल तर त्याच्या कॉम्प्युटरवरच्या स्ट्रीमरमध्ये व्हीडीएक्सआर हे त्याचं रनटाइम निवडा. चाचणी करताना स्टीमव्हीआर पार्श्वभूमीला उघडलेलं नाही ना, तेही बघा.

प्रश्न : क्वेस्ट ३ वायफायवर चालवतो. रिझोल्यूशन कितीही वाढवलं तरी झाडाझुडपांत आणि अंधारात चौकोन-चौकोन दिसतात.

उत्तर : वाढवायचा तो बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायच्या माहितीचं प्रमाण. केबल असो वा वायफाय, क्वेस्टला चित्र व्हिडिओ म्हणून दाबून पाठवलं जातं. क्वेस्ट २ च्या पडद्याचा हिशेब केला तर ७२ हर्ट्झला न दाबलेलं चित्र सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट होतं. २०० मेगाबिटमध्ये ते पाठवायचं म्हणजे ६० पट दाबायचं. क्वेस्ट ३ चा पडदा त्याहून मोठा आहे. हलणारी पानं आणि गवत यांत प्रत्येक पिक्सेल बदलतो, म्हणून पहिला फटका तिथे बसतो. अंधारातल्या छटा दाबताना सर्वांत आधी गाळल्या जातात.

आधी रस्ता मोकळा आहे का ते पाहा. कॉम्प्युटर राउटरला वायरने जोडलेला हवा, दोन्ही टोकं वायफायवर नकोत. विंडोजमध्ये इथरनेटचा लिंक स्पीड उघडून बघा: तिथे १००० असायला हवं. १०० दिसलं तर केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून एखादी जोडी तुटली की जोडणी मुकाट्याने १०० वर उतरते. इंटरनेट नीट चालतं आणि कोणाला संशयही येत नाही. हेडसेट ५ किंवा ६ गिगाहर्ट्झवर, चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ, राउटर त्याच खोलीत. मधे रिपीटर नको.

मग कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबण्याची पद्धत. सारख्या बिटरेटला एचईव्हीसीचं चित्र एच.२६४ पेक्षा चांगलं, आणि त्याच्या १० बिट प्रकारात आकाशातले व अंधारातले पट्टे कमी होतात. एव्ही१ हा आणखी एक कोडेक क्वेस्ट ३ उलगडू शकतो (क्वेस्ट २ ला ते जमत नाही), पण कॉम्प्युटरमध्येही ते बनवणारं कार्ड हवं, एनव्हिडियाची आरटीएक्स ४० मालिका किंवा एएमडीची आरएक्स ७००० मालिका आणि त्यापुढची. व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या परफॉर्मन्स ओव्हरलेमध्ये गेम, एन्कोडिंग (चित्र दाबणं), नेटवर्क आणि डीकोडिंग (ते उलगडणं) यांचे विलंब सुटे दिसतात. १०० मेगाबिटपासून सुरू करून २५-२५ ने वर जा. डीकोडिंगचा आकडा चढू लागला तर हेडसेटची चिप दमली, नेटवर्कचा उड्या मारू लागला तर वायफाय दमलं. तिथून एक पायरी मागे या आणि थांबा.

लिंक केबलवाल्यांसाठी: सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये ऑक्युलस, त्यात सपोर्ट, त्यात ऑक्युलस-डायग्नोस्टिक्स या फोल्डरमध्ये डीबग टूल असतं. त्यातल्या ‘एन्कोड बिटरेट’मध्ये आधी ३०० घालून बघा. केबल मदरबोर्डच्या मागच्या यूएसबी ३ पोर्टमध्ये घाला, हबमध्ये नको.

प्रश्न : तारा, रेलिंग, पानं सतत चमचमतात. एमएसएए, टीएए, डीएलएसएस यांतलं काय निवडू?

उत्तर : क्वेस्ट ३ मध्ये दृष्टीच्या एका अंशात सुमारे २५ पिक्सेल येतात, निरोगी डोळा ६० च्या आसपास ओळखू शकतो. त्यात डोकं कधीच पूर्ण स्थिर नसतं. बारीक तार एका फ्रेममध्ये पिक्सेलवर पडते, पुढच्यात दोन पिक्सेलच्या मधे. चमचम व्हीआरमध्ये मॉनिटरपेक्षा जास्त खुपते ती म्हणून.

गेममध्ये एमएसएए असेल तर ४ पट घ्या. कडा स्वच्छ राहतात आणि बाकी चित्र धूसर होत नाही. ८ पटचा फरक हेडसेटमध्ये क्वचित दिसतो. पण एमएसएए फक्त आकारांच्या कडा सुधारतो. पानं बहुतेक गेममध्ये सपाट तुकड्यावर छापलेलं चित्र असतात, त्यांची चमचम तशीच राहते. टीएए मागच्या फ्रेम मिसळून सगळंच शांत करतो, मोबदल्यात चित्र मऊ पडतं. म्हणून टीएए वापरायचं तर रिझोल्यूशन १२० ते १३० टक्के ठेवा आणि शार्पनिंग थोडंसंच द्या. ते जास्त झालं की चमचम परत येते.

डीएलएसएसचा ‘क्वालिटी’ प्रकार प्रत्येक बाजूला दोन तृतीयांश, म्हणजे ४४ टक्के पिक्सेल काढून बाकीचं भरतो. फ्रेम नक्की वाढतात, पण फिरणारे आकडे आणि दूरची विमानं मागे शेपूट सोडतात. उपकरणं वाचायची असलेल्या सिम्युलेटरमध्ये ते आधी वापरून पाहा, मगच ठरवा. कार्डात जोर असेल तर डीएलएए त्याहून बरं, कारण त्यात पूर्ण रिझोल्यूशनच वापरलं जातं. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ पट ठेवा. ते स्वस्त आहे, आणि रस्ता व धावपट्टी दूरवर स्पष्ट दिसते.

प्रश्न : मध्यभागी स्पष्ट दिसतं, कडेला धूसर. कुठलं सेटिंग?

उत्तर : ग्राफिक्सचं कुठलंच नाही, तो भिंगांचा गुण आहे. हेडसेट थोडा वर-खाली सरकवून अक्षरं सर्वांत ठळक दिसतील तिथे पट्टा आवळा, मग भिंगांमधलं अंतर जुळवा. क्वेस्ट २ ला ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. तुमच्या बाहुल्यांमधल्या अंतराला जवळची निवडा. फ्रेनेल (गोल खाचा असलेल्या) भिंगांत कडा थोड्या मऊ राहणारच, पॅनकेक (चपट्या) भिंगांत कमी. सध्याच्या काही सॉफ्टवेअरमधलं फिक्स्ड फोव्हिएटेड रेंडरिंग कडेचे पिक्सेल मुद्दाम कमी करतं. ते चढं ठेवलं असेल तर एक पायरी उतरवा.

प्रश्न : वीस-पंचवीस मिनिटं उत्तम चालतं, मग धक्के बसू लागतात.

उत्तर : धक्के अचानक आणि तुटक असतील तर कार्डाची मेमरी भरली. टास्क मॅनेजरमध्ये ‘डेडिकेटेड जीपीयू मेमरी’ काठोकाठ आणि ‘शेअर्ड’चा आकडा चढत असेल, तर टेक्स्चर कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतून मागवली जात आहेत आणि तो रस्ता कितीतरी संथ आहे. टेक्स्चर ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणा, ब्राउझर बंद करा. ८ जीबीच्या कार्डावर जड गेममध्ये हे नेहमीचं. फ्रेमची वेळ हळूहळू, मिनिटामिनिटाने वाढत असेल तर कार्ड किंवा प्रोसेसर तापून वेग उतरवत आहे: तापमान आणि क्लॉक (चिपचा वेग) शेजारी लावून बघा, एक चढताना दुसरा उतरतो. आणि धक्के उलट पहिल्या काही मिनिटांतच येऊन नंतर थांबत असतील, तर शेडर (कार्डावर चालणारे चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम) तयार होत आहेत. तिथे काही करू नका.

प्रश्न : लॅपटॉपला डिस्प्लेपोर्टचा (मॉनिटरसारखा तारेने चित्र घेणारा) हेडसेट जोडला तर चित्रच येत नाही. मित्राचा क्वेस्ट त्याच लॅपटॉपवर चालतो.

उत्तर : क्वेस्टला चित्र व्हिडिओ म्हणून जातं, त्याला डिस्प्लेच्या तारेशी देणंघेणं नाही. इंडेक्ससारख्या हेडसेटला मात्र थेट ग्राफिक्स कार्डातून निघालेला डिस्प्लेपोर्ट लागतो. लॅपटॉपचा यूएसबी-सी पोर्ट पुष्कळदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असतो, काहींमध्ये त्यातून डिस्प्ले निघतच नाही. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘कॉन्फिगर सराउंड, फिजएक्स’ या पानावर कोणता पोर्ट कोणत्या चिपला जोडला आहे ते चित्रात दिसतं. कार्डाला जोडलेला पोर्ट फक्त एचडीएमआय असेल तर साधा एचडीएमआय-डिस्प्लेपोर्ट अडॅप्टर घेऊ नका. बाजारातले बहुतेक उलट दिशेचे असतात, म्हणजे डिस्प्लेपोर्टमधून एचडीएमआय काढणारे. अशा लॅपटॉपसाठी व्हिडिओ दाबून घेणारा हेडसेटच बरा, आणि तो वापरताना विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘ग्राफिक्स’ पानावर गेम आणि स्टीमव्हीआर दोन्ही ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा.